मागे बघणारी

चालताना, पाणी पिताना, अगदी भेळ खातानाही ती एकदा उजव्या खांद्यावरून मागे बघायची. ‘‘कोण येतंय गं?’’ विचारलं की हसायची. ‘‘कुनी न्हाई, सर. पन आलं तर?’’

तुम्ही तिला तेव्हा पाहिलं असतंत, तर ही ट्रॅकवर सायकल शर्यती मारते यावर विश्वास ठेवला नसतात. आम्ही तिला ‘कर्जतची’ म्हणायचो. मी सुप्याला कारखान्यात नोकरी करून सुट्टीच्या दिवशी मुलींना सायकलिंग शिकवायचो, आणि माझा सगळा जीव पॉवर मीटरवर! पाय किती जोर लावतात, ते तो वॅटमध्ये सांगतो. कर्जतचीचे वॅट बेताचेच. तसं दाखवायला गेलं की म्हणायची, ‘‘वॅट लागत्यातच की, सर. पन आकड्याला मागचं दिसतंय व्हय?’’

तिच्या शाळेच्या रस्त्यावर हंगामात उसाच्या ट्रॉल्या अडकून पडायच्या. खाली चिखल, म्हणून ही पाय न टेकता सायकल जागच्या जागी उभी धरायची आणि फट दिसली की सुटायची. हे तिने मला असं सांगितलं, जसं काही सगळेच करतात.

राज्याच्या संघात एकच जागा उरली होती. घरून वडिलांनी बजावलेलं, ‘‘औंदा न्हाई झालं तर सायकल बास.’’ निवडीच्या शर्यतीला पुण्यात दोघीच. समोर नाशिकची मुलगी, वॅटमध्ये कितीतरी भारी. या शर्यतीत सुरुवातीला कुणालाच पुढे जायचं नसतं, कारण मागचीला वारा लागत नाही आणि पुढचं सगळं दिसतं. पुढे होती कर्जतची.

आणि वळणावर ती चक्क थांबली! बिनब्रेकची सायकल, आतल्या बाजूला कललेला ट्रॅक, आणि ही बया मान मागे वळवून जागच्या जागी उभी. तेवढ्यात मागे तशीच उभी राहू बघणारी नाशिकची डगमगली, नाइलाजाने पुढे निघाली. झालं! ही तिच्या मागे चिकटली. शेवटच्या वळणावर बाहेरून अशी काही सुटली, की मी खुर्चीवर चढलो. शेजारी तिचे वडील माझा दंड पिळत ओरडत होते, ‘‘पळ पोरी, सुटल्या ट्रॉल्या, सुटल्या!’’

चाकभर फरकाने जिंकली. वडील माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. मीही रडलो, लपवत नाही.

आता ती लांब, देशाच्या संघाच्या शिबिरात असते. नव्या मुलींना मी मीटर दाखवतो, आणि मान वळवायलाही शिकवतो. पण तिच्यासारखं कुणी बघत नाही, करमत नाही.

परवा सुप्याहून सायकलवर घरी येताना माझी मान आपोआप उजवीकडे मागे वळली. रस्ता रिकामा होता. पण आलं तर, म्हणून मी जरा हळू चालवली.