धम्मदिनाच्या रजिस्टरात एकोणीस नावं

आमच्या हॉस्पिटलच्या लायब्ररीत धम्मदिना बसते. टेमघरची पोरगी. बसते असं आपलं म्हणायचं. त्या आठवड्यात ती एक मिनिट बूड टेकून बसली असेल तर शप्पथ. सोमवारी कमिटी येणार होती, लायब्ररी कामाची हाय का न्हाय ते मोजायला. येणाऱ्यांचा आकडा कमी भरला तर खोलीत सलाईनची खोकी, आणि ही केसपेपरच्या खिडकीत.

आणि रजिस्टरात तीन महिन्यांची नावं किती, तर एकोणीस.

कारण तिच्याकडे कुणी येतच नाही, फोन करतात. डाईंगच्या, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यातल्या कामगाराच्या डोळ्यात केमिकल उडालं की खालून सिस्टरचा फोन. ही पुस्तक उघडते, पानाचा फोटो काढून पाठवते. आता ड्युटीवरची बाई नुसत्या सहीसाठी दोन जिने चढेल होय?

"अगं, पन्नास नावं मीच लिहिते," मी म्हटलं. "थोडी डाव्या हाताने. कुणाला कळतंय?"

"चंद्रामावशी, थर्मामीटर न लावता कुणाचा ताप लिहिला तर चालेल तुम्हाला?"

मी वॉर्डातली आया, आणि मला असं बोलते, बघा.

मग ही कोरे कागद घेऊन वॉर्डावॉर्डात. 'मी पाठवलेल्या पानाचं पुढे काय झालं, लिहा.' चपलेचा अंगठा तुटला, डबा तसाच राहिला, ही फिरतेच. शनिवारपर्यंत त्रेसष्ट कागद जमले. बहुतेक गोड. रीमा सिस्टरने मात्र लिहिलं, 'पान जुन्या पुस्तकातलं. डोस आता बदललाय. डॉक्टरांना विचारलं म्हणून निभावलं.'

"हा काढ," मी म्हटलं. "चपातीत गुंडाळून खाऊन टाक."

तिने काढला. परत ठेवला. सोमवारी सकाळी परत काढला. कमिटी जिना चढायला लागली तेव्हा सगळ्यांच्या वर ठेवून दिला.

कमिटीच्या मॅडमनी अर्थात तोच आधी वाचला. "हा का ठेवलात?"

"तोही मोजायला पाहिजे ना, मॅडम."

मॅडमनी चष्मा पुसला आणि उरलेले बासष्ट एकेक करून वाचले. तेवढ्या वेळात धम्मदिनाने खिडकी तीनदा उघडली, तीनदा लावली.

"खोली सहा महिने राहू दे," शेवटी मॅडम म्हणाल्या. "फोनवरचा प्रत्येक प्रश्न लिहायचा. त्याचं पुढे काय झालं, तेही."

म्हटलं, आता तरी बसेल. मी खुर्ची पुढे सरकवली. ही उभीच, ते जुनं पुस्तक काखेत घट्ट धरून.

"आणि नवीन पुस्तक कधी, मॅडम? आज दुपारीच कुणी तो डोस विचारला, तर मी काय पाठवू?"