पाटोळे वकिलांची उलटतपासणी

पाटोळे वकिलांना कुणी साधं "काल वरवंडला गारा पडल्या" म्हटलं, तरी त्यांचा प्रश्न ठरलेला असायचा. "तुम्ही सोत्ता पाहिल्या, का कुणी सांगितलं?" समोरच्यानं गारा डोक्यावर झेललेल्या असल्या तरी तो गडबडून जायचा. दौंडच्या कोर्टात या एका प्रश्नावर त्यांनी भल्याभल्या साक्षीदारांना घाम फोडला होता, आणि बाहेर चहाच्या टपरीवरही त्यांना तो आवरत नसे. मी त्यांच्याकडे ज्युनिअर म्हणून गेलो, तेव्हा नाव सिद्धार्थ आणि गाव कवठे येमाई सांगितलं. त्यावर ते म्हणाले, "कशावरून?" मला असा राग आला की परतच निघालो होतो. आता सर नाहीत, आणि तसं विचारणारंही कुणी उरलेलं नाही.

आमची निम्मी कामं शिरूरच्या कोर्टात असत. सरांच्या जुन्या गाडीतून न्हावऱ्यावरून चौफुल्याला येता-जाता आमचा एक वेगळाच खटला चालायचा. क्रुसावर मेलेला येशू तिसऱ्या दिवशी कबरीतून खरोखर उठला, याला पुरावा काय? सर पिढीजात ख्रिस्ती. मी बौद्ध घरातला, तपासल्याशिवाय काही मानायचं नाही हे बाळकडू मिळालेला. सरांना असाच विरोधक हवा होता.

मी म्हणायचो, बायबलातल्या चार लेखकांच्या चार हकिगती जुळत नाहीत. कबरीवर किती बाया गेल्या, तिथं देवदूत एक होता की दोन, यावरसुद्धा एकमत नाही. सर खूश व्हायचे. "शब्दाला शब्द जुळला की समजायचं साक्षीदार पढवलेत. न जुळणारे खरे." शिवाय त्या काळी बायांच्या साक्षीला किंमत नव्हती, रचून सांगायचं असतं तर पहिले साक्षीदार पुरुष दाखवले असते, हा त्यांचा हुकमी मुद्दा. मग मी विचारायचो, पाचशे जणांना येशू दिसला असं लिहिलंय, समन्स कुणाच्या नावानं काढायचं? यावर ते पुढच्या उसाच्या ट्रॅक्टरला उगाच लांबलचक हॉर्न द्यायचे.

या वादाची बातमी त्यांच्या चर्चमध्ये पोचली. कमिटीनं ठरवलं, ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात हॉलमध्ये जाहीर वाद ठेवायचा. सर बाजूनं, मी विरुद्ध. मी सरळ नाही म्हणालो. मार्थाकाकूंचा, म्हणजे सरांच्या पत्नीचा आजार तेव्हा हाताबाहेर गेला होता आणि डॉक्टरांनी आशा सोडली होती. अशा घरातल्या माणसाला भर सभेत अडवायचं माझ्या जिवावर आलं होतं.

पण काकूंनीच मला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं. ओट्याला टेकून उभ्या होत्या, उभं राहवत नव्हतं तरी.

"सिद्धू, तू जा. आन् त्यांना सोडू नको."

मी म्हणालो, काकू, हे काय बोलता?

"हे खुनी माणसाची बाजूबी याच आवाजात मांडत्यात. घरी येऊन म्हणत्यात, मार्था, तो दोषीच हाय. आपली रूथ तुला परत भेटल, हेबी मला त्याच आवाजात सांगत्यात. मला आता वकिलाचं न्हाई ऐकायचं. त्यांना सोत्ताला काय वाटतं, ते मला कळू दे."

रूथ त्यांची एकुलती एक मुलगी. कॉलेजात असताना तापानं गेली होती. त्या घरात तिचं नाव मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

हॉल खच्चून भरला होता. काकू शाल गुंडाळून पुढच्या रांगेत बसल्या होत्या. सर असे बोलले की टाळ्या थांबेनात. मग मी उठलो. मी त्यांचीच हत्यारं त्यांच्यावर चालवली. लिहिणाऱ्यांनी पाहिलं, का ऐकलं? ऐकीव साक्ष कोर्ट घेतं का? येशूचे शिष्य त्यासाठी मेले म्हणता, पण त्यावरून त्यांचा विश्वास होता एवढंच ठरतं, तसं घडलं होतं हे कसं ठरतं? सरांचा चेहरा आवळत गेला. ते मला "माझे विद्वान मित्र" म्हणू लागले, म्हणजे ते चिडले होते. काकूंनी नजर माझ्यावरून हलवली नव्हती.

उत्तर माहीत नसलेला प्रश्न उलटतपासणीत कधी विचारायचा नाही, हा सरांनी मला दिलेला पहिला धडा. तो मी मोडला.

"सर, हे तुम्ही स्वतः मानता, की नुसतं वकीलपत्र घेतलंय?"

मागून कमिटीतले एक बुजुर्ग, आप्पा, उठले आणि हा अपमान आहे म्हणाले. चर्चच्या पाळकसाहेबांनी मला खाली बसायची खूण केली. सरांनी हात वर करून दोघांना थांबवलं. चष्मा काढला. ते माझ्याकडे नाही, काकूंकडे बघत होते.

"पुरावा पुरत न्हाई," ते म्हणाले. कोर्टातली भाषा गळून पडली होती. "कोर्टात ही केस मी हरलो असतो. रूथला मातीत ठेवली, तवाच कळलं मला ते. तवापासून भांडतोय. गप बसलो तर ती खरंच गेली, असं व्हईल. मला भ्या वाटतं, मार्था. पर मी वाट बघतोय तिची. रोज बघतोय."

हॉलमध्ये एकच गलका झाला. वडीलधाऱ्यांनीच विश्वास पातळ केला म्हणून आप्पा तावातावानं बोलू लागले. पाळकसाहेबांनी घाईघाईनं प्रार्थना करून सभा संपवली. काकूंनी सरांचा दंड धरला आणि म्हणाल्या, "चला घरी."

गाडी मी चालवत होतो, दोघं मागं बसले होते. मग काकू म्हणाल्या, "आता पटलं मला."

सरांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "कशावरून?"

"आवाज कापला तुमचा."

आरशात बघायचं धाडस मला झालं नाही.

ईस्टरच्या पहाटे कबरस्तानात उपासना असते. आदल्या दिवशी घरोघरची माणसं आपापल्या कबरींना चुना लावतात. सरांनी रूथच्या कबरीला स्वतःच्या हातानं लावला. पहाटे आप्पांचं सगळं घर आमच्याकडे पाठ करून उभं होतं. काकू खुर्चीवर बसून होत्या, हातात मेणबत्ती. इतक्या निवांत मी त्यांना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

दिवाळीच्या आधी त्या गेल्या. रूथच्या शेजारीच जागा मिळाली. माती लोटताना आप्पाच पुढं आले. राग विसरले होते, किंवा गिळला होता. सरांच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "बाई आता पोरीपाशी पोचल्या बघा, वकीलसाहेब."

कोर्टातली आम्ही सगळी वकील मंडळी सरांकडे बघू लागलो. तो प्रश्न येणार, हे आम्हाला ठाऊक होतं. सरांचे ओठ हललेही. त्यांनी मूठभर माती घेतली, खाली सोडली, आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "सिद्धू, आज तू काय विचारू नको हां."

"न्हाई, सर," मी म्हणालो.