थांबा, शैलजाताईंना विचारून सांगतो

आमच्या दूध संघात बाकी कशाची टंचाई असेल, किस्स्यांची नाही. कऱ्हाड-सांगली रस्त्यावर दुमजली इमारत. खाली दूध, वर ऑफिस, आणि ऑफिसात बायका दोनच. मी टायपिस्ट आणि शैलजाताई मगदूम वरिष्ठ लिपिक. डबा खाताना ठसका लागावा असं रोज एकतरी घडतंच. घरी सांगितलं की नवरा विचारतो, "तुम्हाला पगार कामाचा देतात का हसायचा?"

म्हटलं, हसलो नसतो तर कवाच राजीनामा दिला असता!

* * *

फोनचंच घ्या. एकदा आटपाडीकडच्या एका गावातून एका संस्थेच्या सचिवांचा फोन आला. दुधाच्या फॅटचा काहीतरी घोळ होता. मी म्हटलं, "बोला."

"बाय, कुनी गडीमानूस हाय का तितं?"

"मला सांगा की. मीच बघते ते."

"तसं न्हवं वं. जरा गडीमानसाला द्या."

शेजारी आमचा शिपाई तुकाराम टेबल पुसत होता. दिला त्याच्या हातात फोन! तुकारामानं सगळं ऐकून घेतलं, फोनवर हात ठेवला आणि शैलजाताईंना विचारलं. ताईंनी मान वर न करता उत्तर दिलं. तुकारामानं ते जसंच्या तसं फोनमध्ये म्हटलं.

पलीकडून आवाज आला, तो मलासुद्धा ऐकू आला. "बगा! शेवटी गडीमानसालाच कळतंय!"

तुकाराम दोन दिवस कॉलर ताठ करून फिरत होता.

* * *

आता आण्णांची ओळख करून देते. आण्णा म्हणजे आमचे कार्यालय अधीक्षक, ऑफिसातली सगळ्यात मोठी खुर्ची. माणूस मनानं चांगला. पण पाहुणे आले की आम्ही दोघींनी काठापदराची साडी नेसून, ताट घेऊन दारात उभं राहायचं, हा त्यांचा कायदा. टंकलेखन, आवक-जावक आणि औक्षण!

एकदा पुण्याहून तपासणीला अधिकारी येणार होते. गाडी थांबली. पांढऱ्या सफारीतला, मिशीवाला, भारदस्त गृहस्थ पुढून उतरला. आण्णांनी डोळ्यानं खुणावलं. मी टिळा लावला, ताईंनी ओवाळलं, आण्णांनी शाल घातली. गृहस्थ काहीतरी सांगत होता, पण आण्णांनी त्याच्या तोंडात पेढाच घातला.

तेवढ्यात मागचं दार उघडून एक बाई उतरल्या, हातात फाईल. म्हणाल्या, "आमच्या ड्रायव्हरचा सत्कार झाला असेल तर तपासणी सुरू करूया का?"

आण्णांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. शाल परत कशी मागणार?

* * *

चेअरमन साहेबांच्या भेटी ठरवणं, फोन घेणं, पत्रं लिहिणं, दौरे लावणं हे सगळं सहा वर्षं मी करत होते. माझं पद टायपिस्ट, टेबल जिन्याखाली. मग संचालक मंडळानं ठरवलं की साहेबांना 'योग्य' माणूस पाहिजे, आणि दिगंबर आला. काम तेच, रजिस्टर तेच, पेनसुद्धा माझंच. पद मात्र कार्यकारी सहायक, आणि केबिनला पंखा नाही, एसी!

पण दिगंबर पोरगा लय गुणी. त्याचीही गंमत वेगळीच. गावाकडं पारावर त्याला विचारायचे, "काय रं गड्या, चिठ्ठ्या लिवतोस आन् फोन उचलतोस? ह्ये तर बायकांचं काम!" शेवटी त्यानं सासुरवाडीत आपण मॅनेजर आहोत असं सांगून टाकलं.

केबिनमध्ये पाहुणे आले की मला हाक मारायचे, "बाई, साहेबांना चहा टाका." आणि साहेब, म्हणजे दिगंबर, उठून म्हणायचा, "बसा वं ताई, तुमच्या हातचा लय पांचट आसतोय." आणि स्वतः टाकायचा. खोटं कशाला बोलू, त्याचा चहा माझ्यापेक्षा चांगलाच होता.

* * *

यंदा आण्णा निवृत्त होणार, म्हणजे खुर्ची रिकामी होणार. शैलजाताईंची नोकरी बावीस वर्षांची. याआधी दोनदा ती खुर्ची रिकामी झाली आणि दोन्ही वेळा ताईंनीच शिकवून तयार केलेला माणूस तिच्यावर बसला. त्यातले दुसरे म्हणजे हे आण्णाच! आता ताईंची नोकरी तीन वर्षं उरलेली. यंदा नाही तर कधीच नाही.

ताईंनी अर्ज केला तसं आण्णा समजवायला आले. "आवं ताई, घर हाय, पोरं हायत. कशाला डोस्क्याला ताप?"

"आण्णा, तुम्हाला घर न्हाई व्हय?"

आण्णांनी दुसरं कारण काढलं. ताई जैन, दिवस मावळल्यावर जेवत नाहीत. "संचालकांच्या मिटिंगा लांबत्यात. तुमाला सहाला घरी जाया लागतंय."

"बावीस वर्षं मिटिंगचं इतिवृत्त मीच लिहिते, आण्णा. विषय सगळे सहाला संपतात. त्यानंतर नुसती भजी असतात!"

मी एवढी हसले की डबा सांडला. पण संध्याकाळी एसटीत बसल्यावर मला राग आला. माझाच राग आला. दोनदा ती खुर्ची ताईंच्या समोरून गेली, तेव्हा मी पेढे खाऊन 'अभिनंदन' म्हटलं होतं.

* * *

मुलाखतीला उमेदवार दोनच होते, ताई आणि दिगंबर. दिगंबरला संचालकांनीच अर्ज करायला लावलेला. तो बिचारा आठ दिवस ताईंकडूनच पोटनियम शिकत होता, आणि ताई शिकवत होत्या! मी म्हटलं, "ताई, वेड लागलंय काय?" तर म्हणाल्या, "अगं, त्याला यायला नको व्हय?"

मी टिपणं घ्यायला आत बसले होते. समोर चेअरमन, दोन संचालक आणि आण्णा. एरवी मुलाखतीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं ताईच टाईप करून द्यायच्या. यंदा त्या स्वतःच उमेदवार, म्हणून प्रश्न आण्णांनी काढलेले. उत्तरं काढायची राहून गेली होती.

आधी दिगंबर आला. चेअरमननी विचारलं, "वार्षिक सभेची नोटीस किती दिवस आधी काढायची?"

"चौदा, साहेब."

चेअरमननी संचालकांकडं बघितलं, संचालकांनी आण्णांकडं आणि आण्णांनी छताकडं. मग आण्णा उठले. "थांबा, शैलजाताईंना विचारून सांगतो."

ताई बाहेर बाकावर बसल्या होत्या. आत येऊन म्हणाल्या, "बरोबर आहे," आणि परत बाकावर जाऊन बसल्या. दुसऱ्या प्रश्नाला पुन्हा तेच. तिसऱ्यालाही तेच. चौथ्याला ताई दारातच थांबल्या. "चूक! काल तर घडाघडा म्हणून दाखवलंस की रं, दिगंबर!"

"घाबरलो वं ताई."

मग ताईंचा नंबर लागला. दिगंबर बाहेर गेला, ताई खुर्चीवर बसल्या. पाच प्रश्नांची पाच उत्तरं, कुठं अडखळणं नाही.

चेअरमननी विचारलं, "आण्णा, बरोबर हाय का?"

आण्णा सवयीनं उठले. "थांबा, शैलजाताईंना विचारून..." म्हणत दारापर्यंत गेले आणि कडीला हात लावून तसेच थांबले.

मग चेअरमन पोट धरून हसायला लागले, संचालक हसले, आण्णाही हसले. मला मात्र रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

"बास झालं!" चेअरमन डोळे पुसत म्हणाले. "आजपासनं ताईच अधीक्षक. जावा ताई, ऑर्डर टाईप करून आना. सही करतो."

ताई जागच्या हलल्या नाहीत. "स्वतःच्या बढतीची ऑर्डर स्वतः टाईप करायची नसते, साहेब."

"आसं? कुटल्या नियमात हाय त्ये?"

ताईंनी पदर सारखा केला आणि शांतपणे म्हणाल्या, "आता ह्येबी मलाच विचारताय व्हय?"