नऊ अळ्या कुणामुळे मेल्या

डॉ. दौलत सोनपिंपळे यांना साठ वर्षं पूर्ण झाली, म्हणून आपलं मराठी मंडळ गौरव अंक काढत आहे. चौथी शिकलेल्या बाईने शास्त्रज्ञावर काय लिहावं, असं मी चिटणीसबाईंना विचारलं. "आठवणी लिहा, आजी," म्हणाल्या. लिहिते.

सात वर्षांपूर्वी मी इथे जर्मनीत, झिंडेलफिंगेनला मुलाकडे कायमची आले. त्या उन्हाळ्यात मुलाने आम्हाला ब्लॅक फॉरेस्टमध्ये, डोंगरावरच्या एका दलदलीच्या माळावर फिरायला नेलं. तिथे फळ्यांच्या वाटेवर एक माणूस पालथा पडलेला. मी ओरडले, "अगं बाई, मेला की काय हा!"

"नाही मावशी, थोडं काम बाकी आहे," तो माणूस मान न वळवता मराठीत म्हणाला. "तुमची सावली पडतेय, जरा बाजूला व्हा."

हे डॉक्टर. त्यांच्या नाकासमोर, भर उन्हात, फुलावर एक पतंग बसला होता. राखाडी, पंखावर चांदीचा बारीक ठिपका. उत्तरेकडच्या थंड मुलखात नाहीतर अशा उंच डोंगरावरच ही जात जगते. तिची अळी तिथल्या बुटक्या झुडपाचा पाला खाते आणि हिवाळा बर्फाखाली झोपून काढते. मी म्हणाले, "आमच्याकडे हरभऱ्यावर अळी पडली की फवारतात."

"आमच्याकडेही. पंप मीच धरायचो," डॉक्टर म्हणाले. "तिथेच अळीकडे बघायला शिकलो."

पंचवीस वर्षं ते दर जुलैत त्या माळावर जात आहेत. माळ तुडवला जाऊ नये म्हणून फळी सोडून त्यांनी कधी पाऊल टाकलं नाही. एकदा टोपी उडाली, चार हातांवर पडली, तर तिथेच राहू दिली. बायकोने विणलेली टोपी होती, तरीही.

माणूस खरं बोलणारा. माझा गुडघा दुखायला लागला तेव्हा दवाखान्यात दुभाषे म्हणून तेच आले. मुलाने आधीच बजावलं होतं, आईला जरा गोड करून सांगा. सोनपिंपळे डॉक्टरांनी दवाखान्यातल्या डॉक्टरचं ऐकून घेतलं आणि मला म्हणाले, "मावशी, गुडघा कामातून गेलाय. ऑपरेशन करा, पण पूर्वीसारखा होणार नाही." मला बरं वाटलं. इथे सगळे मला लहान मूल समजतात.

मग पतंग दिसेनासे झाले. उन्हाळे गरम, माळ कोरडा. दोन जुलै रिकामे गेले. तिसऱ्या वर्षी एका झुडपावर डॉक्टरांना नऊ बारीक अळ्या सापडल्या. आम्टची, म्हणजे सरकारी कचेरीची परवानगी काढून त्यांनी त्या डब्यात आणल्या. हिवाळाभर जपायच्या आणि वसंतात परत माळावर सोडायच्या, असं ठरलं. तेवढ्यात अमरावतीला त्यांच्या आई अत्यवस्थ झाल्या. डबा त्यांनी आमच्या बाल्कनीत ठेवला.

"मावशी, काही झालं तरी आत आणायचा नाही."

"कळलं हो. बहिरी नाही मी."

जानेवारीत पारा उणे चौदावर गेला. डब्यात बघितलं तर अळ्या जिऱ्यासारख्या वाळून पडलेल्या. मला अळ्यांचा पुळका नव्हता. पण जपायला दिलेली वस्तू आपल्या दारात मरू द्यायची नाही, एवढं मला कळतं. सून कामावर गेली होती. मी डबा उचलून स्वयंपाकघरात हीटरजवळ ठेवला.

दुसऱ्या दिवशी सगळ्या चालायला लागल्या. मला केवढी फुशारकी! मेथी घातली, कोबी घातला. तोंड लावेनात. सूनबाईंनी पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अहो आई, त्यांना थंडीच लागते!" डबा परत बाहेर ठेवला, पण उशीर झाला होता. सहाव्या दिवशी एकही उरली नाही.

डॉक्टर आईंना शेवटचं पोचवून आले ते विमानतळावरून थेट आमच्याकडे. डबा उघडून बघितला. मग वही काढली.

"मावशी, कधी जाग्या झाल्या? सगळ्या चालल्या?"

मी सांगत गेले, ते लिहीत गेले. शेवटी म्हणाले, "चहा टाका."

पुढे नातीने त्यांचा अहवाल जर्मनमध्ये वाचला आणि सुनेने मला अर्थ सांगितला. अळ्या संशोधकाच्या निष्काळजीपणामुळे मेल्या, असं त्यात होतं. मी त्यांना फोन लावला. "अहो, खोटं का लिहिलंत?"

"डबा सोडून मीच गेलो होतो ना."

आम्टने त्यांना पुन्हा परवानगी दिली नाही. सहकाऱ्यांत कुजबुज झाली. त्यांनी कुणाला खुलासा केला नाही. त्यानंतर त्या माळावर तो पतंग कुणाला दिसलेला नाही. डॉक्टर अजून जातात.

या अंकाचा जर्मन तर्जुमा त्यांच्या इन्स्टिट्यूटला जाणार आहे, असं कळलं. म्हणून मी लिहायला बसले. तर्जुमा करणाऱ्याने ही ओळ गाळू नये: डबा मी आत आणला. डॉक्टरांनी बजावलं होतं, तरी आणला.

डॉक्टर, बाकीचे तुम्हाला शंभर वर्षं मागतील. मिळोत, आणि ती चालत्या पायांची मिळोत. पण त्यातला एक दिवस काढून माझ्याकडे या आणि माझ्यावर एकदा मनापासून रागवा. तुम्ही रागावला नाहीत, ते मला सोसत नाही. मी चौऱ्याहत्तरची आहे. फार थांबवू नका.