कडूबाची पाइपलाइन

कडूबाला स्वस्थ बसलेलं कुणी पाहिलं असेल, तर त्याने खुशाल पुढे यावं. अंबडच्या पुढे माळावर विद्यापीठ आहे, तिथे तो एकवीस वर्षांपासून पंप ऑपरेटर. काम पाणी सोडायचं, पण नजर प्रत्येक नळावर. कुठे तोटी ठिबकते असं कळलं की भरल्या ताटावरून उठणारा माणूस. पोरं चिडवायची, काका, तुम्ही आंघोळीचे तांबे मोजता का? तो म्हणायचा, मोजतो. आणि खरंच मोजायचा.

त्यामुळे वसतिगृहात पाणी शुद्ध करायचं मोठं मशीन बसलं, तेव्हा त्याच्या जिवाची नुसती तगमग झाली. मशीन एक बादली गोड पाणी देई आणि दीड बादली गटारात सोडी. चार दिवस कडूबा त्या गटारापाशी घुटमळला. पाचव्या दिवशी भंगारातले पाइप जोडून त्याने ते पाणी मागच्या आंब्यांना नेलं. चाळीस आंबे. पहार मारली तर ठिणगी उडावी अशा मुरमात त्यानेच खड्डे खणून लावलेले. त्या झाडांवर त्याचा पोटच्या पोरांइतका जीव होता.

विद्यापीठात तेव्हा हरित परिसराचं वारं शिरलेलं. दिवे बंद करा, कागद पाठपोट वापरा, गाड्या फाटकाबाहेर लावा, अशा पाट्या लागल्या होत्या आणि साहेबांच्या तेवढ्या सोडून सगळ्यांच्या गाड्या बाहेर राहत होत्या. या कामाच्या प्रमुख शीतल मॅडम. त्यांनी कडूबाची पाइपलाइन पाहिली आणि त्या हरखून गेल्या. अहवालात पहिल्याच पानावर तिचा फोटो लागला. सोमवारी तपासणी समिती येणार आणि तिच्या अध्यक्षांच्या हस्ते कडूबाचा सत्कार होणार, असंही ठरलं. कडूबाच्या बायकोने, सत्यशीलाने, त्याचा पांढरा सदरा नीळ घालून वाळत टाकला.

पण कडूबाचं मन थाऱ्यावर नव्हतं. आंब्याच्या पानांची टोकं करपायला लागली होती. ऊन लागलं असेल म्हणून त्याने पाणी वाढवलं, तर करपा आणखी आत सरकला. तो पुन्हा पाणी वाढवी. दिवसातून सात-आठ वेळा झाडांत जाई, पानं उलटीपालटी करून बघी, कुणाशी धड बोलेना. आणि एक दिवस सतरा नंबरचं झाड पार वाळलं.

शुक्रवारी क्वार्टरच्या नळाला पाणी आलं नाही. भांडी घासायला होईल म्हणून कडूबाने आंब्यांच्या पाइपाखाली कळशी भरून घरी आणून ठेवली आणि सत्यशीलाने न विचारता त्यातच वरणाची डाळ लावली. कुकरच्या आठ शिट्ट्या झाल्या, तरी दाणा न् दाणा वेगळा. ती तीर्थपुरी गावची. कोणत्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजते आणि कोणत्या विहिरीचं पाणी फक्त धुण्याला, हे तिथल्या बायकांना लहानपणापासून तोंडपाठ. तिने एक दाणा चावून पाहिला.

"कोण्या हिरीचं पाणी आणलं हे? बिलकुल खारं हाये."

"मशीनचं हाये. झाडायला सोडतो ते."

"ज्याच्यात डाळ शिजत न्हाई, ते तुम्ही झाडायला पाजून राह्यले?"

कडूबाने कळशीत बोट बुडवून ते पाणी चाखलं. मशीनने गोड तेवढं पोरांना दिलं होतं आणि सगळा खार उरलेल्या पाण्यात जमा केला होता. झाड करपलं की तो आणखी पाजत होता. त्याला स्वतःची लाज वाटली.

शनिवारी तो डबा घेऊन मॅडमच्या खोलीत गेला आणि चमचाभर वरण खाऊन बघा म्हणाला. मॅडमच्या दाताखाली दाणा कचकन वाजला. त्याने सगळं सांगितलं. बाई वाईट नव्हती, पण अहवाल वर गेला होता. समिती जाऊ द्या, मंगळवारी काढू, दोन दिवसांनी काय बिघडतंय, असं त्या म्हणाल्या.

"मॅडम, ते दोन दिवस बी झाडायलाच प्यावं लागंल ना," कडूबा म्हणाला आणि निघाला.

रविवारी सकाळपासून त्याने पाइप उचकटायला घेतले. खारं पाणी संडासाच्या टाकीकडे वळवायचं आणि आळ्यांत विहिरीचं पाणी सोडून खार धुऊन काढायचा, असा बेत होता. दुपारी मॅडम येताना दिसल्या. आता बोलणी खायची म्हणून तो उभा राहिला. मॅडमनी पदर खोचला आणि पाइपाचं दुसरं टोक धरलं.

सोमवारी समिती आली. अध्यक्षांनी विचारलं, फोटोतली पाइपलाइन कुठे आहे? मॅडम काही बोलायच्या आत कडूबा त्यांना सतरा नंबरच्या झाडापाशी घेऊन गेला. निळीच्या सदऱ्यात, वाळक्या खोडावर हात ठेवून तो उभा राहिला.

"साहेब, हे झाड म्या मारलं. पाणी वाचवायच्या नादात."

मग त्याने डाळीपासून सगळं सांगितलं. अध्यक्ष ऐकत राहिले आणि तरीही त्यांनी शाल पुढे केली. कडूबाने हात जोडले.

"आता नको, साहेब. एकोणचाळीस उरलेत. पुढच्या उन्हाळ्यात येऊन बराबर मोजा, मंग द्या."