पेंढा भरलेल्या पेट्या

आंब्याच्या पेटीतल्या पेंढ्याचा वास आला की तो गणपती आठवतो. चिऱ्याच्या भिंतींमुळे आमच्या पुढच्या खोलीत आवाज इतका घुमायचा की रेकॉर्ड लावली तर गाण्याचे शब्द कळत नसत. म्हणून मी आंब्याच्या रिकाम्या लाकडी पेट्यांत पेंढा भरला, वर जुन्या सुती साड्या ताणल्या आणि त्या पेट्या भिंतींवर ठोकल्या. आवाज घुमायचा थांबला, शब्द न् शब्द कळू लागला. गणपतीत त्याच खोलीत आरती झाली. दरवर्षी मुंबईहून येऊन सगळ्यांच्या पुढे उभे राहणारे थोरले दीर निम्मे शब्द नुसते गुणगुणतात, हे त्या दिवशी घरभर ऐकू आलं. "उद्याच्या उद्या ह्या पेट्या उतरव," ते खेकसले. "पेट्या राहतील," मी म्हटलं, "तुम्ही आरती पाठ करा." पेट्या अजून भिंतीवर आहेत, आणि ते हल्ली आरतीचं पुस्तक घेऊन उभे राहतात.