चौथ्या पानावरची खूण

या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी वाचते ते हसण्यासाठी, हे आधीच कबूल करते. दर वेळी कोणाच्या तरी मावशीला पांढरी साडी दिसते आणि मी चहाचा कप खाली ठेवून म्हणते — बाई, आधी चष्म्याचा नंबर तपासा. आता माझ्यावर वेळ आली आहे. चष्मा तपासून झाला, नंबर तोच आहे. तेव्हा ज्यांना हसायचंय त्यांनी हसून घ्यावं. मी घाबरलेली नाही, मला राग आला आहे, आणि तो लिहून काढल्याशिवाय जाणार नाही.

मी डोंबिवली पूर्वेला, मानपाड्याला राहते. मुलगी-जावई दिवसभर कामावर, घरात मी आणि नात जुई. जुई सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे, हॉलमधल्या टेबलावरून ऑफिस चालवते. आणि मीही एके काळी प्रोग्रामर होते बरं का! पन्नासएक वर्षांपूर्वी, ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका औषधांच्या कंपनीत. जुई हे मैत्रिणींना सांगत सुटते, "माझी आजी ओजी कोडर आहे." ओजी म्हणजे काय ते विचारलं नाही. स्तुती असावी असं धरून चालले.

योगायोग असा की गेल्या वर्षी जुईच्या कंपनीकडे काम आलं ते त्याच औषध कंपनीचं. आमचे प्रोग्राम तीनदा नव्या भाषांमध्ये उतरवून झालेत, पण आतलं डोकं बरंचसं आमचंच.

तर मंगळवारची गोष्ट. दुपारचे अडीच, मी सोफ्यावर ताट घेऊन कडवे वाल सोलत होते. जुईकडे रिव्ह्यू आला होता. म्हणजे तिच्या टीममधल्या कोणी कोडमध्ये बदल केला, तो हिने वाचायचा आणि ठीक आहे म्हणायचं. मी बघते तर ही वाचतच नव्हती. सगळा बदल एका एआयला दिला आणि ते सांगेल ती समरी वाचायची. मी विचारलं तर म्हणाली, एकवीस फाइल्स आहेत आजी, ते आधी समजावतं, मग मी नजर टाकते.

माझं डोकं फिरलं. मग मी सुरू झाले... आमच्या वेळी प्रोग्राम कागदावर लिहायचो. एकीने मोठ्याने वाचायचं, दुसरीने प्रत्येक ओळीवर पेन्सिलने टिक करायची, पान संपलं की खाली खूण आणि सही. ऐकल्याशिवाय टिक नाही. नजर टाकते म्हणे! जुई म्हणाली, "बरं बाई, त्यालाच तुझ्यासाठी मराठीत सांगायला लावते, मग तर झालं?" आणि तिने तसं लिहिलं.

स्क्रीनवर उत्तर आलं. जुईने हसत हसत मोठ्याने वाचलं. ते मला पाठ आहे:

"हा बदल औषधाच्या मुदतीवरची जुनी तपासणी काढून टाकतो. ही तपासणी एका चुकीनंतर घातली होती. त्या वेळी चौथ्या पानावर वाचल्याची खूण होती, पण ते पान दोघींनी मिळून वाचलं नव्हतं. एकीने ते नंतर एकटीने वाचलं. तिने चूक पाहिली आणि सांगितली नाही."

जुई म्हणाली, "पान? कोडमध्ये पान कुठून आलं? फुल हॅल्युसिनेशन, मनचंच रचतंय."

मी सोललेला वाल सालींत टाकला आणि साल वालांत. कारण चौथं पान होतं. आणि त्यावर खूण केली होती मी.

आता तुम्हाला त्या वेळच्या कुमारी सुमनची ओळख करून द्यायला हवी. इस्त्रीची साडी, मनगटावर घड्याळ, आणि जगात आपल्यासारखी हुशार दुसरी नाही असा चेहरा. आज भेटली तर पहिल्यांदा एक टपली मारीन. तिची जोडीदार फिलोमिना, आम्ही फिलो म्हणायचो. मूळची उत्तनची, कोळ्याची मुलगी, घरात पहिली नोकरी तिची. फिलो सावकाश, एकेक अक्षर वाचायची, आणि कुमारी सुमन तिच्या वाचण्याची डबा खाताना नक्कल करून सगळ्यांना हसवायची.

बाटलीवरच्या लेबलावर मुदतीची तारीख छापायचा प्रोग्राम फिलोने लिहिला होता, तपासणारी मी. नवरात्रातला शुक्रवार होता. संध्याकाळी ठाण्यातच टेंभी नाक्याला देवीच्या दर्शनाला एक स्थळ येणार होतं, आपल्या बहिणीला घेऊन, आणि मी तिथे 'सहज' दिसायची होते. चौथ्या पानापाशी साडेपाच वाजले. मी म्हटलं, हे पान तिसऱ्यासारखंच आहे गं. फिलो म्हणाली, वाचू या. मी भराभर टिका केल्या, सही ठोकली आणि पळाले. ज्यांच्यासाठी पळाले त्यांनी त्या संध्याकाळी मला नीट पाहिलंही नाही, गर्दीत माझ्या सोबतच्या मैत्रिणीलाच ते सुमन समजून बसले. तरी लग्न त्यांच्याशीच झालं. असो.

चूक त्या पानावरच होती. दोन आकडी महिना आला की मुदतीत एक वर्ष जादा धरलं जायचं. ऑक्टोबर होता. लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधाची खोकी चुकीच्या तारखेने बाहेर गेली, कल्याणच्या एका केमिस्टच्या लक्षात आलं म्हणून परत आली. कोणाला काही झालं नाही, असं आम्हाला सांगण्यात आलं. प्रोग्राम लिहिणारी फिलो, म्हणून तिला कॉम्प्युटर रूममधून काढून पॅकिंगला बसवलं. साहेबांनी मला विचारलं, पान वाचलं होतंत ना? कुमारी सुमन म्हणाली, हो. मग दुरुस्ती माझ्याकडे आली आणि मी ती तपासणी घातली: मुदत ठरल्यापेक्षा लांबची निघाली तर लेबल छापू नकोस, माणसाला बोलव.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही.

जुईने तोवर बटण दाबून पुन्हा विचारलं. पहिलं उत्तर पुसलं गेलं, म्हणून स्क्रीनशॉट मागू नका. दुसरं उत्तर सरळ होतं — तपासणी वर्षानुवर्षं वापरात आलेली नाही, काढायला हरकत नाही. "हां, आता शुद्धीवर आलं," जुई म्हणाली. मला बोलायला हवं होतं. पण का काढू नकोस हे सांगायचं तर ओजी आजीचं काय झालं असतं? मी वाल सोलत राहिले.

माझा संताप दोन प्रकारचा होता. एक, हे फक्त फिलोला ठाऊक, म्हणजे फिलोनेच कुठेतरी बोलून ठेवलं. आणि दोन, शेवटची दोन वाक्यं धादांत खोटी. एकीने नंतर वाचलं म्हणे! कोणी वाचलं? सांगायचंच तर खरं तरी सांगा. निरपराध बाईवर कशाला ढकलता?

बुधवारी सकाळी बस पकडली, शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास शिजले आणि ठाण्याला तलावपाळीमागच्या फिलोच्या घरी जाऊन धडकले. ती भाजी निवडत होती. पाणीसुद्धा न पिता विचारलं, चौथ्या पानाचं कोणाला बोललीस? तिने मान हलवली. घरच्यांना नाही, फादरना नाही, कोणालाच नाही. तिच्याकडे साधा बटणांचा फोन आहे. मग मी यंत्राची वाक्यं म्हणून दाखवली, शेवटच्या खोट्यासकट, आणि म्हटलं, बघ, काय वाटेल ते बरळतंय.

फिलोने भाजीची जुडी खाली ठेवली.

"मी वाचलेलं," ती म्हणाली.

"काय?"

"तू गेल्यावर. एकटी बसून. चूक दिसलेली मला. टिका पेन्सिलच्या होत्या, खोडता आल्या असत्या."

"मग खोडल्या का नाहीस?"

"तू माझ्या वाचण्याची नक्कल करायचीस ना... मला वाटलेलं, सोमवारी नमुना छापतील, तेव्हा निघेल, आणि साहेब हिची खरडपट्टी काढतील सगळ्यांसमोर. शनिवारीच सगळ्या मालाची लेबलं छापतील हे मला काय ठाऊक."

मी खुर्चीत बसले. या बाईच्या आयुष्याचं वाटोळं केलं म्हणून पन्नास वर्षं दर दिवाळीला मी हिला फराळ पाठवतेय. भाजणी घरी दळून. आणि ही मुकाट्याने चकल्या खात होती! सगळा फराळ परत मागावासा वाटला. तसं म्हटलंही. फिलो म्हणाली, "खाल्ला तरी पचला कुठे?" मग मी तिची भाजी निवडायला घेतली.

जुईला फोन मीच लावला, स्पीकरवर. सगळं सांगितलं. माझं मी, फिलोचं फिलोने.

"आजी," ती म्हणाली, "मी काल संध्याकाळीच अप्रूव्ह केलंय. आज सहाला लाइव्ह जाणार आहे."

"मग थांबव."

"थांबवते. पण काल तू समोर बसलेलीस. तेव्हा का नाही बोललीस?"

कुमारी सुमनची इतकी टिंगल केली, आणि काल दुपारी सोफ्यावर तीच बसली होती.

जुईने मंजुरी मागे घेतली. टीमसमोर काय लिहिलं ते तिने आम्हाला वाचून दाखवलं: हा बदल मी न वाचता मंजूर केला, चूक माझी आहे, कृपया थांबवा. दोन मिनिटांत लिहून मोकळी झाली. फिलोने पदर डोळ्यांना लावला. मी लावला नाही, मला स्वतःचाच इतका राग आला होता.

ती तपासणी शाबूत आहे. बदल करणाऱ्या मुलाने विचारलं, हे मुळात आहे कशाला? जुईने मला विचारलं, काय लिहू? मी सांगितलं, सगळं लिही. चौथं पान, मी, फिलो. तिने कोडमध्ये त्या तपासणीच्या वर टिपण म्हणून ते लिहिलं, दोघींची नावं घालून.

टिपण लिहिण्याआधी जुईने सगळा कोड आणि त्याचा जुना इतिहास शोधून पाहिला. कुठे काही नाही. यंत्राला पुन्हा तीनदा विचारलं, तीनदा तेच सरळ, कोरडं उत्तर. फिलो म्हणते देवाचं काम. जुई म्हणते, सांगता येत नाही, आणि विषय बदलते. मला कोणी काही समजावू शकलेलं नाही. यापुढे त्या यंत्राने ही गोष्ट सांगितली तर नवल नाही, आता ती लिहिलेली आहे. पण त्या मंगळवारी अडीच वाजता ती जगात कुठेही लिहिलेली नव्हती. अर्धी माझ्या पोटात होती आणि अर्धी फिलोच्या.